उसाच्या चोथ्यापासून मटणाच्या नळीपर्यंत : ऊती हाताने ओळखण्याची रीत

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठी वाढलेल्या मुलाला दाताने ऊस सोलणे कोणी शिकवावे लागत नाही. साल ओढताना दातांना लागणारा जोर, गर चावला की तोंडभर सुटणारा रस आणि रस संपल्यावर उरणारा, कितीही चावला तरी न तुटणारा चोथा, हे सगळे त्याच्या ओळखीचे असते. तोच मुलगा नववीच्या वर्गात 'दृढ ऊतीचे कार्य लिहा' या प्रश्नासाठी गाइडातली ओळ पाठ करतो, आणि ती ऊती आपण काल संध्याकाळी बांधावर थुंकून आलो आहोत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वाळवा तालुक्याच्या बाजूला बरीच वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ऊतींचा धडा अवघड नाही, तो शिकवण्याचा क्रम उलटा आहे. आधी नाव, मग रचना आणि वेळ उरलाच तर काम, असा तो शिकवला जातो. या लेखात आपण कामापासून सुरुवात करू, त्या कामासाठी पेशींची रचना कशी असायला हवी याचा अंदाज बांधू, तो पाहून तपासू आणि नाव सर्वांत शेवटी देऊ.

व्याख्या एका वाक्यात उरकता येते. एक ठरावीक काम मिळून करणाऱ्या, बहुधा सारख्या रचनेच्या पेशींच्या गटाला ऊती म्हणतात. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण रक्त ही ऊती असूनही तिच्यातल्या पेशी एकमेकींसारख्या नसतात, आणि झाडाच्या जलवाहिनीत तर चार तऱ्हेचे घटक एकत्र नांदतात.

सूक्ष्मदर्शक हाती नाही म्हणून हा धडा सोडून देणाऱ्यांसाठी एक दाखला पुरेसा आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहून त्यांना नाव दिले, ते भिंगाच्या जोरावर. पण झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८००-१८०१ च्या सुमारास मानवी शरीरातील ऊतींचे २१ प्रकार सांगितले, तेव्हा त्याने सूक्ष्मदर्शक वापरलाच नव्हता. तो शरीराचे भाग कापत असे, वाळवत असे, उकळत असे, आम्लात भिजत ठेवत असे आणि कोणता भाग कशाला कसा दाद देतो हे पाहत असे. त्याची यादी आज कोणी वापरत नाही, पण त्याची पद्धत स्वयंपाकघरात जशीच्या तशी चालते, आणि पुढील बहुतेक पायऱ्या त्याच वळणाच्या आहेत.

साहित्य

दाढीचे नवे पाते घ्यावे आणि त्याची एक धार जाड चिकटपट्टीने झाकावी. दहावीच्या आतील मुलांनी पाते स्वतः वापरू नये, मोठ्यांनी काप करून द्यावेत. याखेरीज एक खोलगट बशी, रंगकामाचा बारीक ब्रश, काचपट्ट्या आणि आच्छादक काचा लागतील. शाळेतला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक १०० आणि ४०० पट मोठे दाखवतो आणि तेवढे या लेखासाठी भरपूर आहे. कागदी घडीचा फोल्डस्कोप साधारण १४० पट दाखवतो, तोही बहुतेक ठिकाणी पुरतो. रंगांमध्ये सॅफ्रानिन, मिथिलिन ब्लू आणि औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन आणावे. आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे. थोडे ग्लिसरीन हाताशी असावे, कारण नुसत्या पाण्यातला काप दहा-पंधरा मिनिटांत सुकतो आणि वर्गातल्या शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत पाहण्यासारखे काही उरत नाही.

काप घेण्याची रीत एकदाच सांगतो. गाजराच्या तुकड्याला उभी चीर पाडून तिच्यात खोडाचा किंवा पानाचा तुकडा धरावा, गाजर आणि पाते दोन्ही ओले करावेत, आणि पाते आपल्याकडून पुढे न ढकलता तिरके ओढत एकामागून एक दहा-पंधरा चकत्या पाण्यात पाडाव्यात. त्यांतली जी जवळजवळ दिसतच नाही ती निवडावी. अख्खी गोल चकती मिळावी हा हट्ट नको. चंद्रकोरीसारखा फाटका पण पातळ काप जाड आणि पूर्ण कापापेक्षा कितीतरी चांगला. निवडलेला काप सॅफ्रानिनमध्ये मिनिटभर ठेवून दोनदा धुवावा. माझ्या पहिल्या वर्षी मी घाईत धुणे टाळले होते, आणि अख्ख्या वर्गाने तासभर एक लाल डाग पाहून वहीत मात्र पुस्तकातली आकृती काढली होती.

पहिली पायरी : ऊस

शेंड्याकडचा कोवळा ऊस घ्यावा. तळाकडच्या पक्व उसाच्या सालीवर पाते मोडते, हे मी स्वतः मोडून पाहिले आहे. एका कांड्याचा आडवा तुकडा करून तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला तरी पांढऱ्या गरात सगळीकडे विखुरलेले ठिपके दिसतात. ते कडेला दाट आणि लहान असतात, मध्याकडे विरळ आणि मोठे. तोच तुकडा उभा चिरला की ठिपक्यांच्या जागी रेषा दिसतात, म्हणजे ते ठिपके नसून दोऱ्यांची कापलेली टोके आहेत. त्यांतली एक रेष नखाने उचकटून ओढावी. चोथ्यात उरतो तो हाच दोरा.

आता काम विचारावे. रस साठवायचा तर पेशी मोठी, पातळ भिंतीची आणि जिवंत हवी, आणि चावल्यावर ती सहज फुटणारच. हा गर म्हणजे मूल ऊती. कारखान्यात जाणारी साखर तिच्याच पेशींत साठलेली असते. दहा-बारा फुटांचे खोड वाऱ्यात उभे धरायचे तर भिंत जाड हवी, तिच्यात लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य भरलेले हवे, आणि अशी भिंत एकदा बांधून झाली की आतली पेशी जिवंत राहिली नाही तरी चालते. सालीलगतचा कडक थर आणि प्रत्येक दोऱ्याभोवतीचे वेष्टन ही दृढ ऊती. तिच्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात. दोऱ्याच्या आत मात्र वाहतूक चालते: मुळांकडून पाणी वर आणणारी जलवाहिनी आणि पानांत तयार झालेली साखर खाली उतरवणारी रसवाहिनी. रंगवलेल्या कापात जलवाहिनीची दोन मोठी भोके डोळ्यांसारखी आणि त्यांच्याखाली तोंडासारखी पोकळी दिसते. मुले त्याला माकडाचे तोंड म्हणतात आणि ती खूण पुन्हा विसरत नाहीत.

उसाजवळ आणखी थोडे थांबायला हवे, कारण वाढीची ऊतीही येथेच सर्वांत सहज समजते. खोडकिडीने कोवळा ऊस पोखरला की मधला पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची सुरळी, पिवळा पडतो आणि हाताने ओढताच सुटून येतो. शेतकरी त्याला पोंगा मर म्हणतात. अळीने तेथे शेंड्याची विभाजी ऊती खाल्लेली असते. तिच्या पेशी लहान, पातळ भिंतीच्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आणि ठळक केंद्रकाच्या असतात, आणि विभागत राहणे हे त्यांचे एकच काम. ती गेली की त्या कोंबाची उंची संपली, मग खत कितीही द्या. मोठ्या उसाचा शेंडा मेला तर कांड्यावरचे डोळे जागे होऊन पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, कारण प्रत्येक डोळ्यात तीच ऊती जपून ठेवलेली असते. दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे उसाचे तुकडे, लावून अख्खा प्लॉट उभा राहतो तो तिच्याच भरवशावर.

दुसरी जागा सांध्याजवळ आहे. प्रत्येक सांध्याच्या थोडे वर एक फिकट, नितळ वळे दिसते. तेथे आंतरीय विभाजी ऊती असते. वाऱ्यापावसाने ऊस लोळला की काही दिवसांनी त्याचे शेंडे पुन्हा आभाळाकडे वळलेले दिसतात आणि प्रत्येक वाकण सांध्यापाशीच असते. वळ्याची जमिनीकडची बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक वाढते, म्हणून कांडे वर उचलले जाते. तिसरी, म्हणजे खोडाचा घेर वाढवणारी पार्श्व विभाजी ऊती उसात नाही. त्यामुळे आंबा किंवा बाभळीचे खोड दरवर्षी जाड होते, पण एकदा तयार झालेले उसाचे कांडे पुढे जाडीला वाढत नाही.

शेंड्याची ही अगदी लहान ऊती काढून पोषक माध्यमावर वाढवली की ऊतीसंवर्धित रोपे मिळतात. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून शेतकरी जी ऊतीसंवर्धित बेण्याची रोपे नेतात, त्यांमागची कल्पना हीच आहे. शेंड्याच्या टोकाशी अजून वाहिन्या तयार झालेल्या नसल्यामुळे रोगाचे विषाणू तेथे सहसा पोहोचत नाहीत, म्हणून सुरुवात तेथून करतात.

दुसरी पायरी : वाघ्या घेवड्याचे मूळ

मूळ नेमके कोठे वाढते हे पाहण्यासाठी कोरेगावकडचा वाघ्या घेवडा (राजम्याचाच एक प्रकार) उत्तम, कारण त्याचे मूळ जाड आणि सरळ येते. रात्रभर भिजवलेले दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत आणि मूळ दोन-तीन सेंटिमीटर झाले की टिपकागदाने हलके टिपून, टोकापासून सुरुवात करून दर दोन मिलिमीटरवर न पुसणाऱ्या शाईची बारीक रेघ ओढावी. काचेच्या पेल्याला आतून ओला कागद लावून दाणा कागद आणि काच यांच्यामध्ये, मूळ खाली करून बसवावा. दुसऱ्या दिवशी टोकामागच्या दोन-तीन रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतात, वरच्या रेघा होत्या तेथेच राहतात. मूळ दोरीसारखे सगळीकडून ताणले जात नाही. टोकाशी पेशी विभागतात आणि त्यांच्या लगेच मागे त्या लांबतात. वरच्या भागातल्या पेशींनी आपापले काम घेतलेले असते, म्हणून त्यांना स्थायी ऊती म्हणतात.

शाळेत प्रयोगशाळा असेल तर पाण्यावर ठेवलेल्या कांद्याच्या मुळांची टोके सकाळी आठ-दहाच्या दरम्यान कापून, रीतसर स्थिर करून ॲसिटोकार्माइन या लाल रंगात रंगवावीत. त्यांत विभाजनाच्या अवस्था दिसतात. हे आम्लाचे काम आहे, घरी करू नये.

तिसरी पायरी : वरचे आवरण

कांद्याच्या आतल्या पाकळीचा पापुद्रा सर्वांना माहीत आहे, म्हणून तो भराभर पाहून पुढे जावे. पेशी विटांसारख्या रचलेल्या, मध्ये कोठेही फट नाही. आवरणाला फट परवडत नाही. झाडाच्या या आवरणाला अपित्वचा म्हणतात, आणि बहुतेक पानांवर तिच्याबाहेर मेणचट उपत्वचा असते, त्यामुळे पाणी उडून जात नाही.

पण झाडाला कर्बवायू घ्यायचा असतो आणि पूर्ण बंद आवरणातून तो येणार नाही. पावसाळ्यात उसाच्या सरीत उगवणाऱ्या निळ्या फुलांच्या केन्याचे पान आणावे, ते तिरके फाडून खालच्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा पाण्यात सोडावा आणि न रंगवता पाहावे. विटांच्या मध्ये घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन-दोन पेशी समोरासमोर दिसतात आणि हिरवे कण त्यांच्यातच असतात. या रक्षकपेशी आणि त्यांच्यामधली फट म्हणजे पर्णरंध्र. काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागद लावला की ते पाणी आत ओढले जाते, रक्षकपेशी पाणी गमावून लुळ्या पडतात आणि फट मिटताना दिसते. माणमध्ये किंवा जतकडे दुपारच्या उन्हात ज्वारीची पाने सुरळीसारखी वळतात, तेही अपित्वचेचेच काम. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या, पाण्याने फुगलेल्या पेशींच्या ओळी असतात. पाणी कमी झाले की त्या आधी आक्रसतात, पान मिटते आणि उन्हाला तोंड देणारा भाग कमी होतो.

कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती दिसते. तिच्या पानांवरचे चिकट थेंब ज्या केसांवर असतात, ते याच वरच्या आवरणाच्या कामाला लागलेले. ती पाहावी, उपटू मात्र नये. काप घेण्यासाठी केना बांधोबांध उगवतो.

चौथी पायरी : मंडईतली पिशवी

बटाटा, पुदिन्याची जुडी, एक अर्धवट पिकलेला पेरू आणि नदीतून काढलेले केंदाळाचे (जलपर्णीचे) एक रोप, एवढ्यावर साध्या स्थायी ऊती पुऱ्या होतात.

बटाट्याच्या पातळ कापावर आयोडीनचा थेंब टाकला की प्रत्येक पेशीत काळेनिळे कण उठून दिसतात. साठवण हे काम आहे, म्हणजे पुन्हा मूल ऊती. उसात ती साखर ठेवते, बटाट्यात पिष्ट. सांगलीच्या पेठेत येणारी हळद शिजवून वाळवलेली असते, त्यामागेही हीच ऊती आहे: उकळल्यावर गड्ड्याच्या पेशी मरतात, पिष्ट फुगून मऊ होते आणि गड्डा आतबाहेर सारखा वाळतो.

केंदाळाच्या फुगीर देठाचा काप घेतला की पेशींपेक्षा पोकळ्याच जास्त दिसतात. मूल ऊतीनेच मध्ये हवेच्या खोल्या सोडल्या आहेत, त्यांमुळे रोप तरंगते. तिला वायू ऊती म्हणतात.

पुदिन्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. तो चौकोनी असतो आणि चारही कोपरे थोडे उचललेले असतात. दांडा वाकतो, सोडला की पुन्हा सरळ होतो, उसाच्या सालीसारखा मोडत नाही. कोवळ्या भागाला आधार हवा, पण तो भाग अजून लांबायचा असल्यामुळे आधार ताठर असून चालत नाही. त्यामुळे तेथे पेशी जिवंतच राहतात आणि त्यांच्या भिंती फक्त कोपऱ्यांत जाड होतात. कोपरा स्थूल झालेला, म्हणून नाव स्थूलकोन ऊती. हे नाव पाठ करावे लागत नाही, काप पाहिला की ते आपणच ठेवले असते.

पेरू मात्र चावून पाहावा. बियांच्या आसपास दातांखाली वाळूसारखे बारीक खडे लागतात. त्यांतला एक काचपट्टीवर चिरडून सॅफ्रानिन लावला तर प्रचंड जाड भिंतीच्या, आत जेमतेम पोकळी उरलेल्या पेशींचा गट दिसतो. हीही दृढ ऊती, पण लांब दोऱ्याच्या रूपात नव्हे तर दगडी गोळ्यांच्या. नारळाची करवंटी अशाच पेशींनी भरलेली असते, आणि काथ्या व अंबाडीचे वाख हे तिचेच लांब रूप.

पाचवी पायरी : पाणी वर, साखर खाली

गौरीच्या सणाला घरी तेरडा येतो. त्याचे खोड अर्धपारदर्शक असते, त्यामुळे एक रोप बाजूला ठेवून हा प्रयोग करावा. मुळे पाण्याखाली कापावीत, बाहेर नव्हे, कारण बाहेर कापल्यास हवेचा बुडबुडा शिरून पाण्याची सलग धार तुटते. खोड लाल शाईच्या पाण्यात उभे केले की तासा-दोन तासांत आत लाल रेषा वर चढताना दिसतात. आडवा काप घेतला तर सबंध खोड लाल झालेले नसते. उसासारखे विखुरलेले ठिपकेही नसतात, तर लाल ठिपक्यांचे कडे असते. ऊस एकदल, तेरडा द्विदल; दोन्ही खोडांतला हा फरक शब्दांत सांगायला एक तास जातो, दोन काप शेजारी ठेवले तर दोन मिनिटे पुरतात.

जलवाहिनीच्या मुख्य नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, आडव्या भिंती विरून गेल्यामुळे एकसलग झालेल्या. साखर वाहणारी रसवाहिनी जिवंत असते, पण तिची रचना काहीशी विलक्षण आहे: चाळणी नलिकेच्या पेशीत केंद्रक नसते आणि तिचा कारभार शेजारची सहपेशी पाहते.

रसवाहिनी शाईने दिसत नाही. ती पाहायची तर तासगाव किंवा मिरज तालुक्यातल्या द्राक्षबागेत जावे. मणी धरल्यानंतर काही बागायतदार खोडाच्या सालीची काही मिलिमीटर रुंदीची अंगठी दुधारी चाकूने काढून घेतात. याला गर्डलिंग म्हणतात. रसवाहिनी सालीत असते, जलवाहिनी आतल्या लाकडात. साल काढल्याने पाण्याचा मार्ग उघडा राहतो आणि वरची पाने हिरवी राहतात, पण पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे जाऊ शकत नाही. ती वरच अडते आणि मण्यांना मिळते. चाकू सालीखाली लाकडात शिरला तर जलवाहिनी तुटते आणि वेलच सुकण्याची भीती असते, म्हणून हे काम सरावाच्या हाताकडेच देतात. काही आठवड्यांत ती अंगठी नव्या ऊतीने भरून येते, आणि भरून यायलाच हवी, नाहीतर मुळे उपाशी राहतील.

ती भरून काढणारी ऊती म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधला कॅम्बियमचा पातळ, बुळबुळीत थर, म्हणजेच उसात नसलेली पार्श्व विभाजी ऊती. द्राक्षाच्या डॉगरिज या जातीच्या खुंटावर थॉमसन या जातीची काडी पाचर मारून भरताना कलमदार दोघांची साल निदान एका बाजूला नेमकी जुळवून घेतो, ती सालीसाठी नव्हे तर तिच्याआडच्या या थरासाठी. दोन्ही थर भिडले की पेशी विभागून एकमेकांत मिसळतात आणि वाहिन्या जोडल्या जातात. ऊस किंवा केळीवर असे कलम कधीच का करत नाहीत, याचे उत्तर पहिल्या पायरीत येऊन गेले आहे.

सहावी पायरी : प्राण्यांच्या ऊती

झाड एका जागी उभे असते, त्यामुळे त्याच्या ऊतींत आधाराला मोठा वाटा आहे. प्राणी हालतो, म्हणून त्याच्याकडे ओढणाऱ्या, वाकणाऱ्या आणि निरोप पोहोचवणाऱ्या ऊती अधिक. मुख्य गट चारच आहेत: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. शाकाहारी घरांतल्या विद्यार्थ्यांनी गालाच्या पेशींनंतर शाळेतल्या तयार काचपट्ट्या पाहाव्यात. त्यात काही कमीपणा नाही.

सुरुवात स्वतःच्या गालापासून. चूळ भरून, नव्या दातकोरणीच्या बोथट बाजूने गालाच्या आतून अगदी हलके खरवडावे, ते काचपट्टीवर पसरून मिथिलिन ब्लूचा थेंब टाकावा. पातळ, पसरट, कडा दुमडलेल्या पेशी आणि प्रत्येकीत निळे केंद्रक दिसते. कांद्याच्या विटांसारखी पक्की भिंत त्यांना नसते, म्हणून आकार वेडावाकडा. हे पट्टकी अभिस्तर. एका मुलाची काडी दुसऱ्याने वापरू नये आणि वापरलेल्या काड्या ब्लीचिंगच्या पाण्यात टाकाव्यात. गालात हे थर एकावर एक असतात, कारण तेथे रोज भाकरीचे घर्षण आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांत मात्र एकच थर असतो, कारण तेथून वायू पार व्हायचा असतो. आतड्याच्या आतून उंच, स्तंभासारख्या पेशी, श्वासनलिकेत धूळ वर लोटणाऱ्या रोमकांच्या, म्हणजे केसांसारख्या बारीक धाग्यांच्या. कामावरून रचना ओळखण्याचा सराव येथे आपोआप होतो.

पुढचे काम मटणाच्या किंवा चिकनच्या दुकानातून आणलेल्या तुकड्यांवर करावे. हातमोजे घालावेत, वेगळी पाटी आणि वेगळी सुरी वापरावी, नंतर सर्व साबणाने धुवावे आणि तपासलेले कच्चे मांस पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

नखांसकट कोंबडीचा पाय घ्यावा. दुकानदार तो एरवी टाकूनच देतो. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या दिसतात. त्यांतली एक चिमट्याने ओढताच बोटे मिटतात, दुसरी ओढली की उघडतात. वर्गात हे दाखवले की मागच्या बाकावरचे उठून पुढे येतात. ही दोरी म्हणजे स्नायूरज्जू, स्नायूला हाडाशी जोडणारी. ती ताणली जात नाही, आणि तसे हवेच, कारण ओढ ताणण्यात वाया गेली तर बोट हलणार नाही. मांडीचा सांधा उघडला की हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे दिसतात. ते अस्थिबंध, थोडे लवचीक. हाडाच्या टोकावरची निळसर पांढरी, गुळगुळीत टोपी म्हणजे कास्थी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती कापताना रक्त येत नाही, आणि माणसाच्या गुडघ्यातली कास्थी झिजली की ती सहजी भरून येत नाही तेही याचमुळे. कातडी सोलताना मांस आणि कातडी यांच्यात जाळीदार पांढरा पापुद्रा ताणला जातो, ती विरल ऊती. तिच्याजवळचा पिवळट थर चरबीचा. इतके भिन्न प्रकार एकाच गटात कसे, असा प्रश्न मुलांनी विचारला तर तो योग्य आहे. यांतल्या बहुतेकांत पेशी विरळ असतात आणि त्यांच्यामधले भरण महत्त्वाचे असते; ते भरण हाडात कठीण, कास्थीत लवचीक आणि रक्तात द्रव. जोडणे आणि सांभाळणे हे काम त्या भरणाचे, म्हणून ही संयोजी ऊती.

हाडाचे भरण दोन वस्तूंचे असते हे बिशाच्या रीतीने दाखवता येते. कोंबडीचे स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि व्हिनेगर एक-दोन दिवसांनी बदलत राहावे. साधारण आठवड्यात त्यातले कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे हाड मोठ्यांनी निखाऱ्यात चांगले जाळावे; आकार तसाच राहतो, पण बोटांनी दाबले की चुरा होतो, कारण आतले कोलॅजेन हे दोऱ्यांसारखे प्रथिन जळून गेले. दोन्ही हाडे शेजारी ठेवावीत. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, तेही याच कोलॅजेनमुळे. तासन् तास उकळल्यावर ते स्नायूरज्जूंतून आणि कास्थीतून सुटून पाण्यात उतरते.

मटणाची नळी फोडली की आतला मऊ गर मिळतो. मोठ्या बोकडाच्या नळीच्या मध्यभागी तो बहुतांशी चरबीचा असतो. रक्तपेशी तयार करणारा लाल गर हाडांच्या टोकांकडे आणि बरगड्यांसारख्या चपट्या हाडांत अधिक. रक्त घरी बोट टोचून पाहू नये. तयार काचपट्टीवर माणसाच्या लाल पेशी केंद्रक नसलेल्या, मध्ये खोलगट दिसतात, आणि शेजारी कोंबडीच्या रक्ताची काचपट्टी ठेवली तर त्याच कामाच्या पेशींत केंद्रक स्पष्ट दिसते.

स्नायूसाठी उकडलेल्या मांसाचा अगदी बारीक दोरा सुईने काचपट्टीवर पिंजावा आणि मिथिलिन ब्लू लावून ४०० पट पाहावा. प्रकाश थोडा कमी केला की तंतूवर आडवे पट्टे दिसतात. हा आपल्या इच्छेने हालणारा पट्टकी स्नायू. त्याच्या एका लांब पेशीत अनेक केंद्रके असतात. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूला पट्टे नसतात, पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या असतात आणि तो आपल्याला न विचारता अन्न पुढे ढकलतो. हृदयाचा स्नायू या दोघांच्या मधला: पट्टे आहेत, पण पेशींना फांद्या आहेत आणि हुकूम चालत नाही.

चेता ऊतीबद्दल थोडक्यात. कोंबडीच्या मांडीचे स्नायू बोटांनी अलग करत गेले की मध्ये एक पांढरा, मऊ धागा सापडतो. मुले त्याला हमखास स्नायूरज्जू समजतात. तो ओढावा: बोटे हलत नाहीत, आणि तो हाडाला जोडलेलाही नसतो, उलट पुढे फांद्या फुटून स्नायूंत शिरतो. ही चेता, असंख्य अक्षतंतूंची, म्हणजे चेतापेशींच्या निरोप नेणाऱ्या लांब धाग्यांची, जुडी. माणसात कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकच अक्षतंतू सुमारे एक मीटर लांबीचा असू शकतो. भेजा इतका मऊ का, याचे उत्तर त्यात कोलॅजेनचे दोरे जवळजवळ नसतात आणि अक्षतंतूंभोवतीच्या आवरणात चरबीचे प्रमाण मोठे असते, यात आहे.

वही कशी लिहावी याबद्दल एक सूचना. आकृती पुस्तक बंद ठेवून, काचपट्टीत दिसेल तशी काढावी, फाटलेल्या कडेसह. तिच्याखाली पदार्थ कोठून आणला, हाताला किंवा दाताला कसा लागला, पेशी जिवंत असाव्यात की मृत, आणि काम कोणते, हे चार मुद्दे आधी लिहावेत. नावासाठी एक ओळ कोरी सोडावी आणि ती दुसऱ्या दिवशी भरावी.